कोड गेटबाहेर पडतो तेव्हा

शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत एलजीचा कारखाना आहे. तिथे फ्रिज, वॉशिंग मशीनबरोबर टीव्हीही बनतात. एलजीच्या स्मार्ट टीव्हीत ‘वेबओएस’ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि तिच्या मुळाशी लिनक्स असते. टीव्हीसोबत मिळणारी पुस्तिका चाळली, तर त्यात एक मजकूर सापडतो: आतल्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मागाल तर सीडीवर पाठवू, फक्त पाठवण्याचा खर्च द्या. मॉडेल बाजारात पाठवणे थांबल्यावरही तीन वर्षे ही सोय चालू राहते.

यात कंपनीची मेहेरबानी नाही. लिनक्सचा गाभा जीपीएल परवान्याच्या १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. वापरा, बदला, विका. पण ज्याला प्रत द्याल त्याला तुमच्या बदलांसकट सोर्स कोडही द्या, अशी त्याची अट आहे. २००३मध्ये लिंकसिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स असल्याचे लोकांनी शोधून काढले आणि कोड मागितला. कंपनीला तो द्यावा लागला. त्यातूनच ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे राउटरसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले.

मग बदललेला प्रत्येक प्रोग्रॅम जगापुढे मांडायचा का? नाही. समजा, दौंड तालुक्यातल्या एखाद्या सहकारी साखर कारखान्याने जीपीएलखालचा प्रोग्रॅम बदलून वजनकाट्याला जोडला. उसाने भरलेली गाडी काट्यावर येते, गव्हाणीत ऊस टाकून रिकामी परत येते. दोन वजनांतला फरक पावतीवर छापला जातो. प्रोग्रॅम कारखान्याच्याच संगणकांवर राहिला, तर कोड कोणालाच देणे लागत नाही. शेतकऱ्याच्या हाती पडते ती पावती, प्रोग्रॅम नव्हे. तोच प्रोग्रॅम ॲप करून त्याच्या मोबाइलवर दिला, की त्याच्याकडे प्रत गेली आणि कोडवर हक्कही आला. पण ॲपऐवजी वेबसाइट केली आणि हिशेब कारखान्याच्या सर्व्हरवरच ठेवला, तर कारखाना पुन्हा मोकळा! ही फट बुजवण्यासाठी २००७मध्ये अफेरो जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्याखालचा प्रोग्रॅम बदलून नेटवर्कवर चालवला, तर तो तिथून वापरणाऱ्यालाही कोड मिळतो.

घरच्या वापरापुरत्या बदलांना मोकळीक आहे, हे योग्यच. एरवी छोट्या संस्था या सॉफ्टवेअरच्या वाटेलाच गेल्या नसत्या. काट्याची गोष्ट मात्र निराळी. त्या पावतीवर शेतकऱ्याचे वर्षभराचे पैसे ठरतात. परवाना सक्ती करत नसला, तरी सहकारी कारखान्यांनी काट्याचा कोड सभासदांसाठी आपणहून खुला करावा, असे मला मनापासून वाटते. सभासदांनीही वार्षिक सभेत तो मागावा.