विश्लेषण : फ्रान्समधील खेड्यातल्या चर्चचे छप्पर कोणी दुरुस्त करायचे?

मध्य फ्रान्समधील नोआं-व्हिक हे छोटेसे गाव. तेथील सेंट मार्टिन चर्च बाहेरून अगदी साधे दिसते. आतील भिंतींवर मात्र बाराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. अशा गावांपुढे एक जुनाच प्रश्न आहे : हा वारसा सांभाळायचा कोणी?

भित्तिचित्रे कशी सापडली?

कित्येक वर्षे ही चित्रे चुन्याच्या थरांखाली दडलेली होती. १८४९ मध्ये गावच्या धर्मगुरूंना भिंतीवरील चुना खरवडताना रंग दिसले. प्रसिद्ध लेखिका जॉर्ज सँड यांचे घर जवळच नोआंमध्ये होते. त्यांनी ही गोष्ट ऐतिहासिक वास्तूंचे महानिरीक्षक आणि लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांच्या कानावर घातली. १८५० मध्ये चर्चला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

चित्रांत काय आहे?

येशूचे अखेरचे भोजन, जुदासचे चुंबन हे प्रसंग येथे आहेत. संत मार्टिनची कथाही आहे. त्याच्या मृत्यूनंतर पार्थिवावरून प्वातिए आणि तूर येथील लोकांत वाद झाला. प्वातिएचे लोक झोपले असताना तूरच्या लोकांनी पार्थिव खिडकीतून पळवले, अशी ती आख्यायिका. वाचता न येणाऱ्या गावकऱ्यांसाठी भिंत हेच पुस्तक होते.

चर्चची मालकी कोणाची?

क्रांतीच्या काळात, १७८९ मध्ये, चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. १९०५ च्या कायद्याने धर्म आणि राज्यसंस्था वेगळ्या झाल्या. त्यानंतर नोत्र दामसारखी बहुतेक कॅथेड्रल सरकारकडे राहिली. गावोगावची जुनी चर्च मात्र ‘कम्यून’च्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेच्या मालकीची झाली. प्रार्थनेसाठी ती कॅथलिक समाजाला विनामूल्य वापरता येतात. इमारतीची काळजी मात्र मालकाने घ्यायची. म्हणजेच धर्म न मानणारा गावकरीही करातून चर्चच्या छपराचा खर्च उचलतो.

अडचण कुठे आहे?

भित्तिचित्रांचा मोठा शत्रू म्हणजे ओल. छपरातून झिरपलेले पाणी गिलाव्यात मुरते, क्षार वर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. संरक्षित वास्तूच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळू शकते. पण असा दर्जा नसलेल्या चर्चचा भार प्रामुख्याने गावावरच पडतो. लोकसंख्या घटलेल्या गावात शाळा, रस्ता आणि चर्च यांत निवड करणे सोपे नसते.

उपाय काय?

वारसा वास्तूंसाठी २०१८ पासून खास लॉटरी काढली जाते. २०२३ मध्ये १० हजारांहून कमी लोकसंख्येच्या गावांतील धार्मिक वास्तूंसाठी राष्ट्रीय देणगी मोहीम सुरू झाली. चार वर्षांत २० कोटी युरो जमवण्याचे उद्दिष्ट ठेवून देणगीदारांना ७५ टक्के करसवलत देण्यात आली.

तरीही पैसा हा नंतरचा भाग. व्हिकची चित्रे वाचली, कारण चुन्यामागे काही आहे हे आधी गावातच कोणाच्या तरी लक्षात आले. नोंद नसलेल्या कित्येक चर्चबाबत आजही सुरुवात तिथूनच करावी लागेल.