पगडी, पागोटे आणि संग्राहकाची अडचण

पगडी कापडाची असली तरी ती टोपीच्या जातीची आहे. पागोटे, फेटा, पटका, रुमाल, मुंडासे ही सारी रोज डोक्यावर बांधायची आणि रात्री सोडायची. पगडी मात्र कारागिराने एकदाच बांधून, टाके घालून कायमची बसवलेली असते. सकाळी खुंटीवरून उचलली आणि डोक्यावर ठेवली की झाले. बोलण्यात हा भेद फारसा पाळला जात नाही. लग्नाच्या मांडवात फेट्यालाही पगडी म्हणणारे भेटतात. जुनी शिरोभूषणे जमवणाऱ्याला मात्र या भेदाशी रोज गाठ पडते, कारण पगडी वस्तू म्हणून मागे राहते आणि फेटा राहत नाही. फेटा सोडला की सात-आठ मीटर कापड उरते, आणि त्या कापडाची पुढे गोधडी होते.

पगडी बांधणाऱ्या कारागिराला पगडबंद म्हणत. गिऱ्हाइकाच्या डोक्याचा घेर घेऊन तो त्या मापाचा एक कडक गाभा तयार करी. जाड कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक चढवून, वाळवून हा गाभा होई. त्यावर तलम, अरुंद कापडाचा लांबच लांब पट्टा पीळ देत गुंडाळायचा. पीळ सारखा पडला पाहिजे, एकही चुणी वर येता कामा नये आणि कापडाचा जरीचा पदर शेवटी नेमका दर्शनी बाजूला यायला हवा. प्रत्येक फेरा टाक्याने पक्का होई. पुणेरी पगडीत घेराच्या वर उचललेला कोका असतो. पगडबंदाचा हात खरा कळतो तो तिथे. कोका कलला किंवा बसला तर सगळी पगडीच दीनवाणी दिसते. घरच्या माणसाने ती पुन्हा बांधावी अशी सोयच नव्हती, म्हणून बिघडलेली पगडी दुरुस्तीला पुन्हा पगडबंदाकडेच जाई.

तयार पगडीची ही पद्धत शहरातल्या पांढरपेशा वर्गाला मानवली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांची छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात ती पगडीसकटच. दरबारी पगड्यांचा थाट वेगळा. ग्वाल्हेरच्या शिंदेशाही पगडीचे पुढे आलेले टोक लांबून ओळखू येई आणि बडोद्याच्या दरबाराची स्वतःची धाटणी होती. मुंबईच्या पारशांनी दोन प्रकार चालवले. एक मागे उतरत गेलेली काळसर, चकचकीत पगडी आणि दुसरा करड्या रंगाचा गोल, कडक फेंटा. हा फेंटा नावाने फेट्याच्या जवळचा असला तरी त्यात बांधायचे काही नसते. बाहेर गुंडाळलेली बारीक कड सोडली तर तो थेट इंग्रजांच्या बाउलर हॅटसारखा दिसतो.

बाउलर हॅटची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण पगडी आणि बाउलर यांचा जन्म वेगवेगळ्या टोकांना झाला तरी अडचण एकच होती : डोक्यावर बसेल, वाऱ्याने उडणार नाही आणि मार खाईल असे काहीतरी हवे. 1849 साली एडवर्ड कोक या जमीनदार घराण्यातल्या गृहस्थाने लंडनच्या लॉक अँड कंपनी या टोपीवाल्यांकडे आपल्या शिकारखान्याच्या रखवालदारांसाठी बुटकी, टणक टोपी मागितली. घोड्यावरून जाताना त्यांच्या उंच टोप्या झाडांच्या फांद्यांना अडकून पडत. टोपी प्रत्यक्ष बनवली थॉमस आणि विल्यम बाउलर यांनी. ती घ्यायला कोक दुकानात आला तेव्हा त्याने ती जमिनीवर ठेवून तिच्यावर दोनदा पाय आपटला, टोपी दबली नाही आणि त्याने बारा शिलिंग मोजले, असे सांगतात. तिला हा टणकपणा आला तो नमद्याला दिलेल्या लाखेच्या लेपाने. ती लाख मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातूनच जाई. म्हणजे साहेबाच्या डोक्यावरची टोपी इथल्या झाडांवरच्या किड्यांच्या जोरावर ताठ उभी होती.

मराठीला साहेबाची टोपी बाउलरच्याही आधीपासून ठाऊक होती, निदान शब्दात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आणि नंतरच्या मराठी कागदपत्रांत युरोपीय व्यापाऱ्यांना सरसकट ‘टोपीकर’ म्हटले आहे. फिरंगी असो, वलंदेज असो वा इंग्रज, सगळ्यांची ओळख पटली ती डोक्यावरून. हे स्वाभाविकच होते. ज्या समाजात पागोट्याच्या फेऱ्यावरून माणसाचा मुलूख, धंदा आणि जात ओळखता येई, त्याला परक्याची पहिली खूण तीच दिसणार. पुढे साहेब आले ते सोला हॅट घेऊन. तिच्यातल्या ‘सोला’चा सूर्याशी काही संबंध नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शोला नावाच्या पाणथळ जागेतल्या झुडपाचा हलका भेंड कापून ही टोपी बनवत. ऊन अडवणारी म्हणून ‘सोलर’ ही समजूत मागाहून जोडली गेली.

दरबारी पगड्या आणि साहेबांच्या टोप्या सोडून नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरकडे वळले की हा सगळा पट एकदम बदलतो. हे गाव जुने नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 साली सुरू झाला, प्रवरेकाठच्या बेलापूरसाठी स्टेशन झाले आणि ‘बेलापूर रोड’ म्हणून त्याभोवती वस्ती वाढली. गावाचे नाव पुढे श्रीरामपूर झाले तरी स्टेशनच्या पाटीवर बेलापूरच राहिले. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी शेतांत आले आणि त्यामागोमाग ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आणि टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स उभे राहिले. अशा गावात सरदारांचे वाडे कुठून असणार आणि वाड्याच्या माळ्यावर पेटीत जपलेल्या पगड्या तरी कुठून सापडणार? इथे माणसे आली ती गूळ, ऊस, आडत आणि हमाली यांसाठी. त्यांच्या डोक्यावर पागोटी, फेटे आणि मुंडाशी होती, व्यापाऱ्यांत मारवाडी पद्धतीची रंगीत पगडी होती आणि 1920 नंतर हळूहळू सगळ्यांना पुरून उरलेली गांधी टोपी.

गांधी टोपीचा सगळा हिशेबच काटकसरीचा आहे. दोन लांबट बाजूपट्ट्या आणि वर होडीच्या आकाराचा तुकडा एवढेच कापड. घडी घातली की खिशात मावते. गांधीजींनी ती काश्मिरी टोपीच्या धर्तीवर बेतली, असे त्यांनी स्वतः काका कालेलकरांना सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. त्यांनी स्वतः ती फार वर्षे वापरलीही नाही. 1921 मध्ये मदुराईला त्यांनी सदरा आणि टोपी दोन्ही सोडली, पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने टोपी सोडली नाही. नीळ घालून धुतलेली, खळ देऊन कडक इस्त्री केलेली टोपी हा नगर जिल्ह्यातल्या आठवडे बाजाराचा आणि साखर कारखान्यांच्या सभांचा पोशाख झाला. लग्नात आहेर म्हणून टोपी-टॉवेल देण्याची रीत अजून आहे. वडिलांच्या तेराव्याला मुलाला पागोटे बांधायचे किंवा टोपी घालायची, ही दुखवट्याची रीतही अनेक घरांत पाळली जाते. डोक्यावर काय आहे यावरून कारभार कोणाकडे गेला हे भावकीला कळते.

संग्राहकाच्या दृष्टीने इथेच अडचण उभी राहते. वस्तुसंग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत पगड्या पुष्कळ भेटतात, शेतकऱ्याचे फेटे क्वचित. मापून बसवलेली गोष्ट टिकली, रोज बांधलेली गेली. त्यामुळे जमलेले साहित्य पाहून महाराष्ट्राच्या डोक्याचा अंदाज बांधला तर तो साफ चुकेल. शहरी, सुखवस्तू आणि मुख्यतः पुरुषांचे चित्र तेवढे उरले आहे. हा दोष संग्राहकांचा नाही, पण तो लक्षात ठेवला नाही तर तोच इतिहास म्हणून छापला जातो. ‘पुणेरी पगडी’ला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 2018 मध्ये पुण्यातल्या एका राजकीय सभेत सत्कारासाठी पुणेरीऐवजी फुले पगडी आली आणि वर्तमानपत्रांना काही दिवस विषय मिळाला. जोतीराव फुल्यांच्या छायाचित्रातले शिरोभूषण नीट पाहिले तर तेही एका विशिष्ट मुलखाचे आणि काळाचे आहे. त्या वादात कापडाकडे, पिळाकडे किंवा बांधणीकडे मात्र कोणीच वळले नाही.

जुन्या पगडीचा काळ ठरवायचा तर ती आधी पालथी घालावी. वरची बाजू सजावटीची असते. साक्ष देते ती आतली. आतले अस्तर घामाने पिवळे पडलेले असेल तर ती वापरलेली आहे, आणि डाग एकाच बाजूला दाट असेल तर मालक ती तिरकी घालत होता. गाभ्याचा थर सुटलेला असला तर त्यातून कागद डोकावतो. तो छापील असेल तर घबाडच, कारण पगडबंदाने रद्दी वापरली म्हणजे पगडी त्या कागदाच्या तारखेनंतरचीच. टाके हाताचे की यंत्राचे तेही तिथेच दिसते.

रंगही बोलतो, पण त्याला जपून विचारावे लागते. कुसुंबी लाल हा जुना आवडता रंग, पण तो पाण्याला आणि उन्हाला टिकत नाही. म्हणून पागोटी पुन्हा पुन्हा रंगाऱ्याकडे जात. 1856 मध्ये विल्यम पर्किनने पहिला अ‍ॅनिलिन रंग काढला आणि 1869 च्या सुमारास मंजिष्ठाचा लाल कारखान्यात तयार होऊ लागला. तेव्हा एखादी पगडी आजही भडक लाल असेल तर तिला पेशवाईत नेऊन बसवण्याची घाई करू नये. जरीच्या बाबतीत उलटे. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो; मुलामा झिजला की चांदी काळी पडते. काळवंडलेली जरी ही बहुधा खरी जरी असते. दुर्दैवाने हेच तिच्या मुळावर आले. जुनी जरी जाळून चांदी काढून घ्यायची हा जुना व्यवहार, आणि बोहारणीच्या टोपलीतल्या भांड्यांच्या मोबदल्यात किती पागोट्यांचे पदर गेले असतील त्याची गणती नाही.

दुसरा पुरावा चित्रांचा. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने 1790 च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. उत्तर पेशवाईतल्या पगडीचा आकार तपासायला यापेक्षा चांगले साधन नाही. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जाती-जमातींची छायाचित्रे 1863 आणि 1866 मध्ये दोन खंडांत छापली. त्यांतल्या पार्श्वभूमी बनावट आहेत, पण डोक्यावरचे खरे आहे. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1951 मध्ये भारतीय पोशाखावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. फेट्यासाठी मात्र घरातल्या भिंतीवरच्या फोटोला पर्याय नाही. स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसून काढलेला आजोबांचा फोटो म्हणजे सोडलेल्या फेट्याचा एकमेव उरलेला आकार. शेमला कुठल्या खांद्यावर आला, कपाळ किती झाकले, तुरा होता की नव्हता, हे कापडावरून कळत नाही.

बाउलर जमवणाऱ्यांना एक सोय आहे ती पगडीवाल्यांना नाही. बाउलरच्या आतल्या कातडी पट्टीवर दुकानाचे नाव आणि अस्तरावर शिक्का छापलेला असतो, कधी मालकाची आद्याक्षरेही. शिवाय युरोपातल्या टोपीवाल्यांनी 1840 च्या दशकात डोक्याचा आकार कागदावर टोचून घेणारे यंत्र वापरात आणले, त्यामुळे अमक्या माणसाचे डोके नेमके कसे होते याची कार्डेही काही दुकानांत जपलेली आहेत. पगडबंदाने आपले नाव कुठेही घातले नाही. त्याचा हात ओळखायचा तो पिळावरून आणि टाक्यांवरून, आणि एकाच हाताच्या दोन-तीन पगड्या शेजारी ठेवल्याशिवाय ते जमत नाही.

साध्या वस्तूही गोळा करण्यासारख्या असतात, हे महाराष्ट्राला दिनकर गंगाधर केळकर यांनी दाखवून दिले. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या अशा घरातल्या वापराच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. संग्रहालयाला दिवंगत मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि 1975 मध्ये हा संग्रह राज्य सरकारला दिला. अडकित्त्याला जो न्याय मिळाला तो पागोट्याला मिळणे अवघड आहे, कारण अडकित्ता सुटत नाही. तरी काही करता येते.

श्रीरामपूर, बेलापूर, राहुरी, नेवासे या भागातल्या ज्या घरांत अजून आजोबा-पणजोबांचे पागोटे ट्रंकेत आहे, त्यांनी ते धुऊ नये. कसर लागली आहे का ते पाहून सावलीत हवा द्यावी, वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवावी, डांबरगोळी मात्र जरीला लागू देऊ नये. पगडी असेल तर ती खुंटीला न टांगता आत मऊ सुती कापड भरून ठेवावी. फेटा अजून बांधलेल्या घडीत असेल तर तो सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्यावा, आणि बांधणारे माणूस घरात हयात असेल तर त्याच्याकडून एकदा बांधून घेऊन तेही टिपावे. शेवटी एका सुती चिंधीवर शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून ती चिंधी पागोट्याच्या आतल्या पदराला दोन टाक्यांनी अडकवावी. बोहारीण दारात यायच्या आधी.