वेळासचे कूर्मदर्शन

विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कूर्म. पैठणच्या अतिशय क्षेत्री त्यांची वालुकामय मूर्ती आहे आणि जालन्याहून शनिवारी तेथे दर्शनास जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु प्रत्यक्ष कासव वाळूतून जन्म घेताना पाहिलेला श्रावक आपल्या कोरड्या मराठवाड्यात विरळाच. त्यासाठी सुमारे पाचशे किलोमीटर पश्चिमेस, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी जावे लागते. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव.

ज्ञाताधर्मकथांगाच्या चौथ्या अध्ययनातील दोन कासवांची कथा आपण व्याख्यानात ऐकली आहे. डोहाबाहेर आलेल्या दोन कासवांवर दोन कोल्हे टपून बसतात. एक कासव उतावीळपणे पाय बाहेर काढते व प्राणास मुकते. दुसरे अंगे आवरून स्थिर राहते आणि कोल्हे कंटाळून गेल्यावर सुखरूप पाण्यात परतते. इंद्रियसंयमाचा हा दृष्टान्त. वेळासला मात्र मनात एक वेगळाच विचार आला. तेथे येणारे ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव आहे, आणि समुद्री कासवाला डोके व पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. रात्री मादी किनाऱ्यावर येते, दीड फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा त्या अंड्यांकडे पाहत नाही. पुढे पन्नासएक दिवस त्या पंचेंद्रिय जीवांना कोणतेच कवच नसते. कोल्हे येतात, कुत्री येतात, आणि पूर्वी माणसेही अंडी नेत असत.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांना 2002 मध्ये समुद्रगरुडांची पाहणी करताना येथे कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना विश्वासात घेतले, पुढे वनविभागही सोबत आला. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांच्या निवास-भोजनातून घरोघरी उत्पन्न येऊ लागले. अंडी एकदाच विकली जातात, पाहुणा मात्र दरवर्षी येतो, हा हिशेब व्यापारी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

रस्त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. पुण्यापर्यंत गाडी चालवणे म्हणजे केवळ कंटाळा. ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली आणि मंडणगड मागे पडले, की खरी परीक्षा सुरू होते. रस्ता जेमतेम एका वाहनापुरता, कडेला जांभ्याचे बांध, प्रत्येक वळण आंधळे, कोठे डांबर उखडून नुसती खडी. समोरून एस. टी. आली की जागा पाहून मागे सरण्याची तयारी हवी. आपल्याकडच्या मोठ्या सात आसनी गाड्या तेथे ओझेच वाटतात. मंडणगडलाच टाकी भरून घ्यावी. श्रीवर्धनकडून येणाऱ्यांना बागमांडला-वेसवी जलवाहतुकीची सोय आहे. गाडीसह खाडी ओलांडता येते, मात्र वेळा आधी विचाराव्यात. शेवटचा टप्पा अंधार पडण्यापूर्वीच संपवावा, कारण रात्री त्या रस्त्यावर कोणता जीव चाकाखाली येईल याचा नेम नाही. जीव पाहण्यास निघालेल्याने वाटेत हिंसा करावी, हे शोभत नाही.

गाडी गावातच ठेवून किनाऱ्यापर्यंत चालत जायचे. आमच्यातील तरुणांना गाडी वाळूवर नेण्याची फार हौस होती. कोकणात अनेक पुळणींवर हा खेळ सर्रास चालतो. टायरची चाकोरी आपल्या दृष्टीने चार बोटे खोल असते. तळहातावर मावणाऱ्या पिल्लासाठी ती दरीच. त्यात अडकलेले पिल्लू ऊन लागून किंवा कावळ्याच्या चोचीने संपते. हेडलाइटचा प्रकाशही तितकाच घातक, कारण पिल्ले उजळ क्षितिजाकडे चालतात आणि दिव्याने फसून समुद्राकडे पाठ फिरवतात.

कुंपण घातलेल्या जागेत अंडी पुरलेली असतात. प्रत्येक खड्ड्याशी तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली. मुदत ठेवीच्या पावत्या मांडून ठेवाव्यात तसे. फरक इतकाच की येथे मुदत नक्की नसते. वाळूच्या उष्णतेवर दिवस कमीजास्त होतात, इतकेच नव्हे तर पिल्लू नर की मादी हेही तीच उष्णता ठरवते. म्हणून एका रात्रीसाठी जाऊन काही न दिसल्याबद्दल यजमानावर रागावणारे पाहुणे पाहिले, की नवल वाटते.

सायंकाळी सहाच्या सुमारास टोपली उचलली गेली. आमच्यातील एका ज्येष्ठ साधर्मिक बंधूंनी उत्साहाने बोली सुचवली: पहिले पिल्लू पाण्यात सोडण्याचा लाभ ज्याला मिळेल त्याने जीवदयेसाठी रक्कम द्यावी. भावना चांगली होती. कासवमित्र हसून म्हणाला, "काका, पैसे संस्थेला जरूर द्या. पण पिल्लाला हात नको. ते स्वतःच चालत जायला हवं." आम्ही सारे दोरीमागे उभे राहिलो. चौतीस पिल्ले लाटेपर्यंत पोहोचण्यास पाऊण तास लागला. एक तर तीनदा परत फेकले गेले. बोली सुचवणारे बंधू तोपर्यंत वाळूत बसून नवकार म्हणत होते.

चौविहार पाळणाऱ्यांनी यजमानास आधी कळवावे. आम्हाला सव्वापाचलाच जेवण मिळाले. कंदमूळ, कांदा-लसूण नको म्हटल्यावर भात, कोकमाचे सार, वालाची उसळ आणि तांदळाची भाकरी पानात आली. सकाळी पिल्ले सातच्या सुमारास सोडतात, म्हणजे नवकारशीपूर्वीच दर्शन आटोपते. मार्चचा उत्तरार्ध व एप्रिलचा आरंभ हा काळ चांगला. निदान दोन रात्री हाती ठेवून जावे.