चंदीगढला बिऱ्हाड हलविण्यापूर्वी

बदलीचा हुकूम हाती पडला की सरकारी नोकर दोन गोष्टींची चौकशी करतो : पगारात काय फरक पडेल आणि राहायला घर मिळेल की नाही. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु पुरेसे नाहीत. प्रत्येक शहराची राहण्याची एक रीत असते, आणि ती आपल्या घरातील प्रत्येकाला मानवेल काय, हे आधी पाहावे लागते. चंदीगढचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे; कारण तेथील रीत आधी कागदावर आखली गेली आणि माणसे मागून आली.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले व भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, काही खेडी उठवून, हे शहर वसविण्यात आले. त्याचा आराखडा ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञाने सिद्ध केला, आणि १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले. या शहराचा घटक म्हणजे सेक्टर. साधारण १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद. शाळा, दवाखाना, बाजार आणि बाग सेक्टरातच पायी जाण्याच्या अंतरावर असावीत व वेगाची वाहतूक त्याच्या कडेने जावी, अशी मूळ कल्पना. तेव्हा श्रोतेहो, घराआधी सेक्टर पाहावा. वृद्ध आईला भाजीसाठी किंवा मुलाला शाळेसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागतो काय, हे स्वतः चालून पाहावे. पुण्याच्या पेठेत वा गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला तेथील रुंद रस्ते व झाडांची सावली प्रथम सुखावते. पुढे तीच शांतता खायला उठते. कचेरीत जाणाऱ्यास सहकारी आपोआप मिळतात. दिवसभर घरी राहणाऱ्यास मात्र शेजार कष्टाने जोडावा लागतो.

दुसरी गोष्ट सीमांची. पाच लाख वस्तीसाठी योजलेल्या या शहरात २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर माणसे मोजली गेली. साहजिकच अनेकांना लगतच्या मोहालीत किंवा पंचकुलात घर शोधावे लागते. डोळ्यांना ही एकच वस्ती दिसते. पण १ नोव्हेंबर १९६६ पासून चंदीगढ केंद्रशासित आहे, मोहाली पंजाबात व पंचकुला हरियाणात. रस्ता ओलांडताच सरकार बदलते. पंजाबातील शाळांत दहावीपर्यंत पंजाबी सक्तीची आहे; अर्ध्या शिक्षणात गुरुमुखी लिपी गिरवावयास लागणाऱ्या मुलाची अडचण आधीच ध्यानात घ्यावी. पुढील प्रवेशांत स्थानिक विद्यार्थी कोणास म्हणतात, तेही घर ठरविण्यापूर्वी विचारावे.

घर विकत घेणार असाल तर जमीन मालकीची आहे की शासनाच्या भाडेपट्ट्याची, हे कागद पाहूनच ठरवावे. जुन्या सेक्टरांतील बंगल्याचा एकेक मजला निरनिराळ्या कुटुंबांनी घेण्याची चाल पडली होती. शहराचा वारसा जपण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये १ ते ३० या सेक्टरांत घरांचे असे मजलेवार तुकडे पाडण्यास मनाई केली. दलालाच्या तोंडी आश्वासनावर आयुष्याची पुंजी लावू नये.

हवेचे दोन्ही टोक अनुभवावे लागते. जूनमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तर जानेवारीत दाट धुके पडते व मुंबईकराच्या कपाटातील एकुलता स्वेटर अपुरा पडतो. दम्याच्या रुग्णाने वैद्याचा सल्ला घेऊनच निघावे.

भाषेची धास्ती मात्र नको. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातील घुमानला त्यांचे स्थान आजही पूज्य आहे. मराठी माणूस त्या मुलुखाला अगदीच परका नाही. चार शब्द पंजाबी शिकावे, दारे उघडतात.

शक्य असल्यास एकदा उन्हाळ्यात व एकदा थंडीत जाऊन यावे, आणि एकट्याने जाऊ नये. बदली एकाची होते, स्थलांतर सर्वांचे. ज्याला त्या घरात सर्वांत अधिक वेळ काढावयाचा आहे, त्याचे मत सर्वांत आधी विचारावे.