उजळलेल्या नाण्याची ओळख

चांदीची आहत नाणी चलनात फिरता फिरता झिजतात आणि ही झीज मोजता येते, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४०च्या सुमारास तक्षशिलेच्या नाणेनिधींवरून दाखविले. मागील बाजूवरचे लहान ठसे जितके अधिक, तितके सरासरी वजन कमी, हा त्यांच्या निष्कर्षाचा गाभा होय. अशा अनुमानात वजनातील घट व्यवहारातीलच असावी लागते. नाणे घासून वा आम्लात बुडवून उजळले असेल, तर त्या क्रियेने झालेली घट चलनाच्या नावावर जमा होते आणि गणित फसते.

घासलेले नाणे ओळखणे फारसे अवघड नाही. ते एका बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात धरून भिंगाखाली हळूहळू फिरवावे. व्यवहारात पडलेले ओरखडे निरनिराळ्या दिशांचे व कमीअधिक खोलीचे असतात. कुंचल्याचे किंवा फडक्याचे ओरखडे बारीक, समांतर असून बहुधा उठावाच्या पायथ्याशी थबकतात. अक्षरांच्या कोपऱ्यांत राख किंवा रांगोळी अडकलेली आढळली, तर शंकेला जागा उरत नाही. आपल्याकडे तांब्याला चिंच आणि चांदीला रिठा लावण्याची घरगुती रीत नाण्यांनाही सोडीत नाही!

याहून महत्त्वाचा पुरावा म्हणजे झीज आणि चकाकी यांतील विसंगती. झीज प्रथम उंच भागांवर होते. ज्याच्या मुद्रेवरील केस व अलंकार पुसट झाले आहेत असा व्हिक्टोरियाचा रुपया सर्वत्र सारखाच लखलखीत दिसू लागला, तर ती चकाकी टाकसाळीची नव्हे. टाकसाळीतून नुकत्याच आलेल्या नाण्यावर धातूच्या सूक्ष्म प्रवाहरेषा असतात; त्यांमुळे नाणे फिरविताना प्रकाशाचा पट्टाही फिरतो. उजळलेल्या झिजक्या नाण्यावर तो फिरत नाही. तांब्याचे जुने नाणे गुलाबी-नारिंगी दिसले, तरी तोच संशय घ्यावा.

आम्लाची क्रिया मात्र फसवी असते, कारण ती ओरखडे ठेवीत नाही. मिश्र चांदीतील तांबे आधी विरघळते, पृष्ठ पांढुरके व सच्छिद्र होते, आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीने केलेल्या पृथक्करणात चांदीचे प्रमाण वास्तवाहून अधिक भरते. त्या किरणांना वरचा पातळ थरच कळतो. अर्थात जमिनीत पुरलेल्या नाण्यातूनही तांबे निसर्गतः निघून जाते. तेव्हा केवळ या एका लक्षणावरून निर्णय देणे धाडसाचे ठरेल.

निधीतील नाण्यांवरची पुटे काढल्याशिवाय ठसे वाचता येत नाहीत, आणि पुटांसह घेतलेले वजनही खरे नव्हे. संग्रहालयातील रासायनिक संस्कार त्यामुळे अपरिहार्य असतो. मात्र संस्कारापूर्वीचे व नंतरचे वजन, वापरलेले द्रव्य आणि दोन्ही अवस्थांची छायाचित्रे नोंदवहीत असावयास हवीत. अशी नोंद नसलेली उजळलेली नाणी ठसे वाचण्यास चालतील. वजनाच्या कोष्टकात त्यांना स्थान देऊ नये.