दोनशे विजा आणि एक फ्लास्क

दिवाळीत घरी गेले तेव्हा धाकट्या भावाची फक्त एकच ट्रॉफी बाकी होती. गेम होता 'फायनल फँटसी टेन'. मूळ गेम २००१ मधला, प्लेस्टेशन टूवरचा. त्याची एचडी रिमास्टर आवृत्ती जपानमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये आणि बाकी जगात २०१४ मध्ये आली. मूळ गेममध्ये ट्रॉफी हा प्रकार नव्हताच, कारण सोनीने तो २००८ मध्ये प्लेस्टेशन थ्रीवर सुरू केला. रिमास्टरमध्ये जुन्याच अवघड कामांना ट्रॉफ्या लावल्या आहेत. त्या सगळ्या मिळवल्या की शेवटची 'प्लॅटिनम' आपोआप मिळते.

भावाने सातही पात्रांचे स्फिअर ग्रिड पूर्ण भरले होते, शंभराहून जास्त तास घालवून. अल भेड भाषेची २६ च्या २६ पुस्तकं गोळा केली होती. त्यातली काही अशा ठिकाणी आहेत, जिथे नंतर परत जाताच येत नाही. एवढं सगळं करून गडी अडकला होता तो विजांपाशी.

थंडर प्लेन्स नावाच्या माळावर सतत विजा पडतात. पडदा पांढरा लखलखला की क्षणात बटण दाबायचं, की वीज चुकते. अशा २०० विजा सलग चुकवायच्या. एक जरी लागली तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. किती झाल्या हे पडद्यावर दिसत नाही, ते आपणच मोजायचं.

"ताई, तूच कर. तुला रोज फेल व्हायची सवय आहे," तो म्हणाला.

बोलणं लागलं, कारण खरं होतं. माझं काम म्हणजे एक रेणू आठ पायऱ्यांनी तयार करणं. ऑगस्टमध्ये सहाव्या पायरीनंतर रोटाव्हॅपवरून फ्लास्क निसटला आणि सगळा माल पाण्याच्या बाथमध्ये गेला. मागच्या कुठल्याच पायरीचा माल शिल्लक नव्हता. चार महिन्यांचं काम गेलं आणि मी पहिल्या पायरीवर आले. म्हणजे मलाही वीज लागलेलीच होती. म्हटलं, बघूया.

पहिली संध्याकाळ: वही काढली

सवयीने नोंदी ठेवल्या. एकूण १,०३० विजा पडल्या, त्यातल्या १,००० चुकवल्या, ३० लागल्या. म्हणजे यशाचं प्रमाण सुमारे ९७ टक्के. परीक्षेत एवढे मिळाले तर पेढे वाटतात. पण सर्वांत लांब मजल गेली १३०पर्यंत.

असं का होतं, ते नाण्याने समजून घेऊ. छापा यायला सरासरी २ फेका लागतात. सलग दोन छापे हवे असतील तर? आधी एक छापा मिळवायचा (२ फेका), मग आणखी एक फेक. ती फसण्याची शक्यता निम्मी, आणि फसली की सगळं पहिल्यापासून. म्हणून (२ + १) ला अर्ध्याने भागायचं, उत्तर ६. सलग तीन छाप्यांसाठी (६ + १) भागिले अर्धा, म्हणजे १४. नियम असा: आधीच्या टप्प्याच्या सरासरीत एक मिळवा आणि एका वेळच्या यशाच्या शक्यतेने भागा. प्रत्येक पायरीला हा भागाकार होतो, म्हणून आकडा फुगत जातो.

हाच नियम २०० वेळा लावला, माझं ९७.१ टक्के घेऊन. उत्तर आलं साधारण १२,६०० विजा! एका विजेला दहा सेकंद धरले तरी ३५ तास. आणि ही सरासरी आहे, हमी नाही.

यश ९५ टक्के असतं तर? साधारण ५ लाख ७० हजार विजा. आणि ९९ टक्के असतं तर फक्त ६४६, म्हणजे दोन तासांच्या आत. ९५ आणि ९९ यांत फरक चारच टक्क्यांचा दिसतो, पण चुकांच्या बाजूने बघा: शंभरात पाच चुका आणि शंभरात एक चूक. 'सलग'च्या हिशोबात हीच बाजू बघायची असते.

"शंभरीनंतर हात थरथरतो"

हे माझं आणि भावाचं ठाम मत. वही तपासली. शंभरी तीनदा ओलांडली होती, आणि शंभरीनंतर एकूण ६० विजांपैकी ३ लागल्या. ५ टक्के चुका, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त! पण थांबा. नेहमीच्या ३ टक्क्यांनी ६० विजांमध्ये दोनेक चुका अपेक्षितच आहेत. दोनाच्या जागी तीन, यावरून काही सिद्ध होत नाही. थरथर खरी असेलही, पण माझ्या वहीत तिचा पुरावा नाही. दिवसभराच्या तीन प्रयोगांवरून "हे कॅटॅलिस्टच वाईट आहे" असं मी किती वेळा ठरवलंय, तेही आठवलं.

दुसरी आणि तिसरी संध्याकाळ

आता ध्येय बदललं. '२०० गाठायच्या' हे सोडलं आणि 'एक वीज नीट चुकवायची' एवढंच धरलं. तीन गोष्टी केल्या. माळावर एक खड्डा आहे, त्यात पळत गेलं-आलं की वीज पडते, म्हणजे ती कधी पडणार याचा अंदाज येतो. 'नो एन्काउंटर्स' असलेलं चिलखत घालून मधल्या लढाया बंद केल्या. तिसरं म्हणजे टीव्ही 'गेम मोड'वर टाकला. आजकालचे टीव्ही चित्र सुधारण्यात थोडा वेळ घालवतात, त्यामुळे लखलखाट आपल्याला उशिरा दिसतो. २००१ च्या जाड टीव्हीवर हा उशीर जवळपास नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी सातव्या प्रयत्नात २०० झाल्या. खात्रीसाठी आणखी पाच चुकवल्या. पेटी उघडायचा मान भावाला.

मग फ्लास्कचं काय?

परतीच्या बसमध्ये आणखी एक गणित केलं. समजा, दर ५० विजांनंतर मोजणी पक्की झाली असती, म्हणजे वीज लागली की शून्यावर न येता मागच्या पन्नाशीवर आलो असतो. माझ्या पहिल्या संध्याकाळच्याच ९७.१ टक्क्यांनी किती विजा लागल्या असत्या? दर पन्नासला सरासरी ११६, चार टप्प्यांचे मिळून ४६५. १२,६०० च्या जागी ४६५! हात तोच, चुकाही तेवढ्याच. म्हणजे महाग होतं ते 'सलग', २०० हा आकडा नव्हे.

गेममध्ये हा नियम आपण बदलू शकत नाही. प्रयोगशाळेत बदलू शकतो, आणि मी बदलला नव्हता. यील्ड कमी पडेल या भीतीने दर पायरीचा सगळाच्या सगळा माल पुढे ढकलत होते. दोनशे सलगचा नियम मीच स्वतःला लावून घेतला होता.

आता तिसऱ्या आणि पाचव्या पायरीनंतर थोडा माल कुपीत भरून फ्रीझरमध्ये ठेवते. तो फुकट नाही पडत: पुढे कमी माल जातो, शेवटी हातात कमी येतं, आणि काही संयुगं फ्रीझरमध्येही टिकत नाहीत, म्हणून ती आधी तपासावी लागतात. मॅडमनी विचारलं, "एवढा माल मागे का ठेवलास?" मी विजांची गोष्ट सांगितली नाही. म्हटलं, "ऑगस्ट परत नको, मॅडम."

त्या हसल्या. म्हणाल्या, "कुपीवर तारीख घालायला विसरू नकोस."