अंसफलकाचे बल आणि खेळाडूचा खांदा

आंबवड्यासारख्या (ता. भोर) गावातील तरुण गोलंदाज अथवा व्हॉलीबॉलपटू खांदा धरून औषधालयात येतो आणि ‘चांगले तेल द्या’ म्हणतो. महामाष तैलाची बाटली दिली जाते, आठ-पंधरा दिवस विश्रांती होते, वेदना शमते आणि पहिल्याच सामन्यात परतते. आम्हीही दीर्घकाळ एवढ्यावरच थांबत असू. ती आमची चूक होती.

सुश्रुताचार्यांनी अंस व अंसफलक ही स्वतंत्र मर्मे सांगितली आहेत. पहिले स्नायुमर्म, दुसरे अस्थिमर्म, दोन्ही वैकल्यकर. (शास्त्रातील स्नायू म्हणजे व्यवहारातील मांसपेशी नव्हे, हे विसरू नये.) आपण मात्र खांदा तपासताना रुग्णाच्या पाठीकडे क्वचितच पाहतो. हात पूर्ण वर नेताना सुमारे १८० अंशांपैकी ६० अंश अंसफलकाच्या फिरण्यातून मिळतात. फलक आवरणाऱ्या पेशी थकल्या की सांध्याभोवतीच्या चार लहान पेशींवर, म्हणजेच ‘रोटेटर कफ’वर, अधिक भार येतो. चेंडू सुटल्यावर वेगाने पुढे जाणारा हात रोखण्याचे काम त्यांतील मागच्या पेशींचे.

रुग्णास सदरा काढून पाठमोरा उभा करावे व दोन्ही हात सावकाश वर-खाली करावयास सांगावे. दुखऱ्या बाजूचे फलक पंखासारखे उचलले जाते काय, हे पाहावे. मग हात वर जात असता फलकाच्या खालच्या टोकास आपल्या हाताने वर फिरण्यास साह्य द्यावे. वेदना उणावली, तर फलकाच्या पेशींचे बल वाढविण्याकडे लक्ष द्यावे.

स्नेहन, स्वेदन, नस्य व भोजनोत्तर स्नेहपान अवश्य योजावे. त्यासोबत भिंतीला हात टेकून जोर काढावेत आणि प्रत्येक जोराच्या शेवटी खांदे पुढे ढकलावेत. रबरी पट्टा कोपरे मागे नेत ओढावा. कोपर व बरगड्यांमध्ये पंच्याची घडी धरून, पट्ट्याविरुद्ध पुढचा हात बाहेर फिरवावा. वेदना वाढणार नाही इतकेच, एक दिवसाआड, निदान सहा ते बारा आठवडे. मुद्गल व मल्लखांब त्यानंतर. रुग्ण घाई करतोच. अशा वेळी आम्ही सचिन तेंडुलकरचे उदाहरण देतो: मार्च २००६ मध्ये लंडनला खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात तो परतला सप्टेंबरमध्ये.

औषधालयचालकांनी बाटली देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. वेदनेने रात्री झोप मोडते काय? हात उचलताच येत नाही काय? खांदा कधी निखळला होता काय? दंड वा खांदा सुकत चालला आहे काय? एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास तेल विकून न थांबता रुग्णास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.